एकट्याचे उड्डाण, दोघांचे विमान

९ ऑक्टोबर २०२१ रोजी वेंगुर्ले तालुक्यातील चिपी-परुळे येथे सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि सड्यावरच्या अडीच हजार मीटर लांबीच्या धावपट्टीवर मुंबईहून आलेले एटीआर-७२ जातीचे विमान उतरले. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या भागातल्या विद्यार्थ्यांना तोवर विमान भेटत असे ते पाठ्यपुस्तकात किंवा आकाशातल्या पांढऱ्या रेषेच्या टोकाला. धावपट्टी गावाशेजारी आल्यावर एखाद्या मुलीने वा मुलाने “वैमानिक व्हायचे तर काय करावे?” असा प्रश्न वर्गात विचारला, तर त्यात नवल नाही.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, वैद्यकीय तपासणी हवी, लेखी परीक्षा द्यायला हव्यात आणि व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण हवे. उरलेले अर्धे उत्तर मात्र परवाना हातात पडल्यावरच विद्यार्थ्याच्या लक्षात येते. या २०० तासांपैकी किमान १०० तास त्याने ‘विमानाचा प्रमुख’ या नात्याने केलेले असतात. म्हणजे निर्णय त्याचा, हात त्याचे आणि चूक झाली तर तीही त्याचीच. प्रवासी विमानात मात्र दोन वैमानिक शेजारी शेजारी बसतात. एकट्याने उडायला शिकलेल्या माणसाला आता दुसऱ्याबरोबर उडायला शिकायचे असते. त्यासाठी असणाऱ्या शिक्षणाला ‘बहुचालक प्रशिक्षण’ म्हणता येईल. वैमानिकांच्या बोलण्यात त्याचे नाव ‘एमसीसी’.

हे प्रशिक्षण कुठे घ्यावे, किती तासांचे घ्यावे, त्यासाठी घरच्यांनी आणखी किती कर्ज काढावे, हा नव्या वैमानिकापुढचा खरोखरीचा पेच असतो. जाहिराती वाचून तो सुटत नाही. हे शिक्षण मुळात का निर्माण झाले, याचा इतिहास पाहिला, तर मात्र निवडीचे निकष आपोआप हाती येतात. तो इतिहास आपण पाहू या.

एक माणूस, एक विमान

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईच्या जुहू येथे उतरले. विमान होते एका इंजिनाचे पुस मॉथ. बरोबर कोणी नव्हते, रेडिओही नव्हता. खाली दिसणारा किनारा, हातातला नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ एवढ्यावर हा प्रवास झाला. भारतातल्या विमानसेवेचा आरंभ हा असा एकट्याचा आहे.

विमाने मोठी झाली तशी माणसे वाढली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. अशा विमानांत वैमानिकांखेरीज इंजिनांवर लक्ष ठेवणारा अभियंता असे, बिनतारी संदेश पाठवणारा असे आणि ताऱ्यांवरून विमानाचे स्थान काढणारा मार्गदर्शकही असे. पुढे रेडिओ वापरायला सोपा झाला आणि संदेशवाहक गेला. १९७१ मध्ये बोइंग ७४७ आले, त्यात स्वतःचे स्थान स्वतः मोजणारी यंत्रणा होती, म्हणून मार्गदर्शक गेला. १९८०च्या दशकात संगणक आले आणि अभियंत्याची खुर्चीही हळूहळू रिकामी झाली. शेवटी उरले दोन वैमानिक.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. माणसे कमी झाली तरी कामे नाहीशी झाली नव्हती. मार्ग, इंधन, इंजिन, हवामान, संदेश या साऱ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम दोघांमध्ये वाटले गेले होते. ते कसे वाटायचे आणि एकाला दिसलेले दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचवायचे, याचे शिक्षण मात्र बराच काळ कोणी देत नव्हते. चांगला वैमानिक असला की तो चांगला सहकारीही असणारच, असे गृहीत धरले जाई.

यादी आणि स्मरणशक्ती

एकट्याच्या हुशारीवर विसंबता येत नाही, हे त्याआधीच एकदा दिसून आले होते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन येथे बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे चार इंजिनांचे नवे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. यंत्रात बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने त्याचे पृष्ठभाग हलू नयेत म्हणून लावलेली कडी उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली होती. चालवणारा नवशिका नव्हता, अत्यंत अनुभवी चाचणी-वैमानिक होता. या अपघातातून उड्डाणापूर्वी वाचायच्या तपासणी-यादीची पद्धत रूढ झाली. आज प्रवासी विमानात एक वैमानिक यादी वाचतो आणि ठरलेली उत्तरे देत दोघे मिळून ती पुरी करतात. दोघांच्या कामाचे हे पहिले व्याकरण म्हणावे लागेल.

शब्दांचा घोळ किती महाग पडतो, हेही भारताने अनुभवले. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यात डॉ. होमी भाभा होते. विमानातील एक दिशादर्शक संच बंद होता. पर्वत ओलांडला आहे, अशी वैमानिकाची समजूत होती. जमिनीवरच्या रडार-नियंत्रकाने विमानाचे खरे स्थान तोंडी सांगितले, पण त्याचा अर्थ विमानात वेगळा लावला गेला. सांगणाऱ्याने सांगितले होते, ऐकणाऱ्याने ऐकलेही होते, तरी माहिती पोहोचली नव्हती.

१९७८ : वर्षाचा पहिला आणि शेवटचा अपघात

बहुचालक प्रशिक्षणाच्या इतिहासात १९७७ आणि १९७८ ही दोन वर्षे फार महत्त्वाची आहेत. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर, दाट धुक्यात, दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाण घेणाऱ्या डच विमानातील अभियंत्याने समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका विचारली होती. कप्तान त्या कंपनीतले नावाजलेले, इतरांना शिकवणारे वैमानिक होते. त्यांनी ठामपणे ‘हो’ म्हटले आणि शंका तिथेच संपली.

१ जानेवारी १९७८ रोजी रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर अरबी समुद्रात कोसळले. २१३ जण होते, कोणीही वाचले नाही. येथे काय घडले ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

आपला तोल आपल्याला कळतो तो डोळ्यांनी आणि आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांनी. या नलिकांतील द्रवाला फिरण्यातला बदल कळतो. हळूहळू, एकसारखे वळत राहिले तर तो द्रवही वळणाबरोबर स्थिरावतो आणि आपण सरळच आहोत असे वाटू लागते. रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नाही, म्हणजे डोळ्यांचीही मदत नाही. अशा वेळी विमान किती कलले आहे ते दाखवणारे यंत्र, म्हणजे कृत्रिम क्षितिज, हाच आधार उरतो.

त्या रात्री विमान उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले, पण कप्तानांसमोरचे यंत्र ते उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. कप्तान ते सरळ करण्यासाठी डावीकडे वळवत गेले, आणि सरळ असलेले विमान डावीकडे कलंडत गेले. सहवैमानिकासमोर दुसरे स्वतंत्र यंत्र होते आणि पडताळ्यासाठी तिसरेही होते. पण ध्वनिमुद्रणावरून दिसते, की त्या काही क्षणांत नेमके कोणते यंत्र बिघडले आहे याविषयीच दोघांचा गोंधळ उडाला. अगदी शेवटच्या सेकंदांत अभियंत्याने, त्या यंत्रावर जाऊ नका, असे सांगण्याचा प्रयत्न केला. चौकशीने कप्तानांचे चुकीचे सुकाणू-नियंत्रण आणि इतर यंत्रांचा आधार न घेतला जाणे यांवर बोट ठेवले. वेगळ्या शब्दांत सांगायचे, तर विमानात खरी माहिती होती. ती वेळेत सुकाणूवरच्या हातापर्यंत पोहोचली नाही.

त्याच वर्षी २८ डिसेंबरला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ विमान इंधन संपल्यामुळे उपनगरात उतरले आणि १० जण दगावले. चाकांच्या बिघाडाकडे कप्तानांचे सारे लक्ष गुंतले होते आणि ते सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले. इंधन कमी होत चालल्याचे इतर दोघांना दिसत होते, पण त्यांनी ते पुरेशा ठामपणे सांगितले नाही. अमेरिकी तपास मंडळाने या वेळी एक नवी शिफारस केली. कप्तानांना ऐकून घेण्याचे आणि सहकाऱ्यांना ठामपणे बोलण्याचे शिक्षण द्या, अशी ती शिफारस होती. १९७९ मध्ये नासाने या विषयावर परिषद घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला.

याचा गुण दिसायला फार वर्षे लागली नाहीत. १९ जुलै १९८९ रोजी याच कंपनीच्या डीसी-१० विमानाची सर्व द्राविक नियंत्रणे हवेतच निकामी झाली. प्रवासी म्हणून आलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कप्तानांनी पुढे बोलावून घेतले आणि केवळ इंजिनांची शक्ती कमी-जास्त करत चौघांनी ते सू सिटी येथपर्यंत आणले. ११२ जण गेले, पण १८४ वाचले.

अधिकाराचा उतार

एल्विन एडवर्ड्‌स या ब्रिटिश अभ्यासकाने १९७०च्या दशकात एक कल्पना मांडली. कप्तान आणि सहवैमानिक यांच्यात अधिकाराचा एक उतार असतो. तो फार तीव्र असेल तर खालचा बोलत नाही. अगदीच सपाट असेल तर शेवटचा निर्णय कोणाचा, हे कळत नाही. हवा तो मधला, बेताचा उतार.

ही कल्पना मालवण किनाऱ्यावरच्या मुलांना समजावून सांगणे अवघड नाही. मालवणचे बंदर खडकांनी वेढलेले आहे आणि होडी आत घेताना पाण्याखालचे खडक चुकवावे लागतात. सुकाणू तांडेलाच्या हातात असते, तो मागे असतो. पुढच्या टोकाला उभ्या असलेल्या पोराला खडक आधी दिसतो. होडीवर हुकूम तांडेलाचाच चालतो, पण पोराने ओरडून सांगितले नाही किंवा तांडेलाने ऐकले नाही, तर त्या हुकमाचा उपयोग काय?

आपल्या भाषेत आणि रीतिरिवाजात वडीलधाऱ्यांना थेट सांगणे उद्धटपणाचे मानले जाते. “सर, पाऊस जरा जास्तच दिसतोय, नाही का?” हे वाक्य नम्र आहे, पण त्यात माहितीही नाही आणि मागणीही नाही. “धावपट्टी दिसत नाही. पुन्हा वर चला.” या वाक्यात दोन्ही आहे आणि उद्धटपणा अजिबात नाही. अनेक विमानकंपन्यांच्या नियमांनुसार दोघांपैकी कोणीही ‘पुन्हा वर चला’ या अर्थाचे ठरलेले शब्द उच्चारले, की उतरणे सोडून द्यावे लागते. ज्येष्ठाला टोकण्याचे धैर्य प्रत्येकाकडे असेलच असे नाही, म्हणून नियमाने त्याला शब्द दिले आहेत.

तरीही केवळ नियम पुरत नाहीत. २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या पठारावरील विमानतळावर एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले, आठ वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत दिसून आले, की कप्तान प्रवासात बराच वेळ झोपले होते आणि उतरताना विमान प्रमाणापेक्षा फार उंचावर होते. सहवैमानिकाने उतरणे सोडून देण्यास एकदा नव्हे, तीनदा सांगितले होते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या, तशाच पठारावरील विमानतळावर, मुसळधार पावसात त्याच कंपनीचे विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले आणि टोकावरून खाली गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले. कप्तान अतिशय अनुभवी होते. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याचे सुचवले होते, पण नियंत्रण स्वतःकडे घेतले नाही. या चौकशी-अहवालाने अधिकाराचा तीव्र उतार आणि सहकार्याच्या प्रशिक्षणातली उणीव यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. अनुभवी माणसाची चूक होऊच शकत नाही असे नाही, म्हणून तर शेजारी दुसरी खुर्ची असते.

या खुर्चीचे नावही बदलत गेले आहे. पूर्वी प्रत्यक्ष विमान न चालवणाऱ्याला ‘न चालवणारा वैमानिक’ म्हणत. २००० नंतरच्या काळात ‘निरीक्षण करणारा वैमानिक’ हे नाव रूढ झाले. पहिल्या नावात तो काय करत नाही ते सांगितले होते, दुसऱ्यात त्याचे काम सांगितले आहे. शिवाय ही भूमिका पदावर अवलंबून नाही. एका फेरीत कप्तान चालवतो, दुसरीत सहवैमानिक चालवतो आणि कप्तान निरीक्षण करतो. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन यांनी इंडियन एअरलाइन्सचे फोकर विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेले. वैमानिक कक्षात दोघीही महिला असल्याने या उड्डाणाचे कौतुक झाले. कक्षातले काम मात्र नेहमीचेच होते. एकीने चालवायचे, दुसरीने पाहायचे आणि दोघींनी बोलायचे.

मग निवड कशी करावी?

युरोपात १९९९ पासून लागू झालेल्या सामाईक नियमांनी दोन वैमानिकांच्या विमानावर जाण्यापूर्वी हे प्रशिक्षण सक्तीचे केले. तेथील मूळ अभ्यासक्रमात २५ तास वर्गातील आणि २० तास अनुरूपकावरील, म्हणजे सिम्युलेटरवरील, शिक्षण असते. २० तासांत पुरेशी तयारी होत नाही, असा अनुभव आल्याने पुढे अनुरूपकावरील ४० तासांचा विस्तारित अभ्यासक्रमही आला. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आणखी एक वाट मान्य केली. ती म्हणजे किमान २४० तासांचा ‘बहुचालक परवाना’. यात विद्यार्थी आरंभापासूनच दोघांच्या कामाकडे वळतो आणि बरेचसे तास अनुरूपकावर होतात. मात्र या परवान्याने लहान विमान एकट्याने भाड्याने उडवण्याची मोकळीक सहज मिळत नाही. वाट जवळची आहे, पण एका विशिष्ट कंपनीच्या दाराशी नेणारी आहे.

आपला विद्यार्थी परवाना घेऊन आल्यावर त्याने पैसे भरण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, हे प्रमाणपत्र कोणाला हवे आहे? ज्या कंपनीत जायचे ती कंपनी विमानाच्या जातीचे प्रशिक्षण देताना हे शिक्षण स्वतःच देणार असेल, तर आधी वेगळे पैसे भरून काय साधणार? परदेशी अभ्यासक्रम असेल तर नागर विमानन महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, तो कशासाठी ग्राह्य धरते, याची लेखी खात्री करून घ्यावी.

दुसरा, तास कसे मोजले जातात? अनुरूपकात दोघे बसतात. एकाने निम्मा वेळ चालवले आणि निम्मा वेळ निरीक्षण केले, असे झाले पाहिजे. निरीक्षणाचे तास म्हणजे मागे बसून पाहणे असेल, तर मूळ उद्देशच हरपतो.

तिसरा, जोडीदार कोण? विद्यार्थ्यांची संख्या विषम झाली की दुसऱ्या खुर्चीत कोणालाही बसवले जाते का? दोघांचे काम शिकायचे तर दुसराही शिकणाराच हवा.

चौथा, शिकवणारा कोण आणि कार्यपद्धती कोणती? प्रशिक्षकाने प्रवासी विमानात प्रत्यक्ष काम केलेले असावे. कोणी कधी काय म्हणायचे याचे लेखी पुस्तक पहिल्या दिवशी हातात मिळावे.

पाचवा, उड्डाणानंतर चर्चा किती वेळ होते? चूक कोणी केली, एवढ्यावर चर्चा थांबत असेल तर ती अपुरी आहे. चूक कोणाला दिसली होती आणि त्याने ती कशी सांगितली, येथपर्यंत ती गेली पाहिजे.

अनुरूपक हलणारा आहे की स्थिर, हा प्रश्न जाहिरातीत सर्वांत ठळक असतो. विमानाची जात शिकताना त्याला महत्त्व आहे. पण बोलणे, ऐकणे आणि काम वाटून घेणे शिकण्यासाठी हलणाऱ्या खोलीपेक्षा चांगला शिक्षक आणि तयारीचा जोडीदार अधिक उपयोगी पडतो, हे वरील इतिहासावरून कोणाच्याही ध्यानात येईल.

आणि या शिक्षणाचा पहिला धडा तर आपल्याच वर्गात देता येतो. प्रयोगशाळेत दोघांची जोडी करा. एकाने प्रयोग करायचा, दुसऱ्याने कृतीचा तक्ता वाचायचा आणि मोजमाप तपासायचे. पुढच्या तासाला भूमिका बदलायच्या. वाचणाऱ्याला चूक दिसली तर “थांब” हा एकच शब्द उच्चारायचा आणि तो ऐकताच करणाऱ्याने हात थांबवायचा. कधी स्वतः शिक्षकांनी प्रयोग करून दाखवताना मुद्दाम एखादी निरुपद्रवी चूक करावी आणि कोण “थांबा” म्हणते ते पाहावे. बहुधा पहिल्या वेळी वर्ग गप्प राहील. चूक दिसलेली मुले एकमेकांकडे पाहतील. ती गप्प का राहिली, हे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. विमानातल्या दुसऱ्या खुर्चीचा अभ्यासक्रम तिथूनच सुरू होतो.